दोन क्ष अधिक एक

सासूबाईंना बीजगणित शिकवायचं जावईबापूंनी स्वतः होऊन कबूल केलं होतं, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा ठपका दुसऱ्या कुणावर ठेवायची सोय उरली नाही. बायकोने तेव्हाच एकदा नवऱ्याकडे, एकदा आईकडे बघितलं आणि ती आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला एवढी खूण पुरायला हवी होती. पण जावईबापू रंगात आले होते, आणि रंगात आलेल्या माणसाला खुणा दिसत नाहीत.

'जावईबापू' हे काही त्यांचं नाव नव्हे. वजनमापे कार्यालयात ते हेडक्लार्क होते आणि तिथे शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सगळे त्यांना 'साहेब' म्हणत. पण सासूबाई कायमच्या राहायला आल्या आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून 'अहो जावईबापू, छत्री राहिली' अशा हाका मारू लागल्या. महिन्याभरात अख्खी इमारत त्यांना जावईबापू म्हणायला लागली. दूधवाला म्हणे, इमारतीचे चिटणीस म्हणत. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठा असलेला घड्याळदुरुस्तीवालाही म्हणे. ज्या माणसाच्या सहीशिवाय गावातला एकही तराजू कायदेशीर ठरत नव्हता, तो माणूस स्वतःच्या जिन्यात सगळ्यांचा जावई होऊन बसला होता.

तर सासूबाई शालान्त परीक्षेला बसल्या होत्या. वय बासष्ट. भाषा, इतिहास, भूगोल हे विषय त्यांनी शेंगा सोलाव्यात तसे सोलून बाजूला ठेवले होते. राहिलं होतं एकटं बीजगणित. नियम असा, की याही खेपेला ते राहिलं तर सोललेल्या शेंगा पुन्हा टरफलात घालायच्या, म्हणजे सगळे विषय पुन्हा पहिल्यापासून. आणि बीजगणितात त्यांचं घोडं पेंड खात होतं ते आलेखापाशी.

पहिल्या दिवशी जावईबापूंनी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, य = २क्ष + १.

"हा क्ष कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणीही."

"कोणीही म्हणून कसं चालेल? घरात घ्यायचा म्हणजे कोण, कुठला, ते नको कळायला?"

जावईबापूंनी शांतपणे समजावलं, की क्षला आपण हवी ती किंमत द्यायची, तिची दुप्पट करायची, त्यात एक मिळवायचा, की य मिळतो. हे सासूबाईंना ताबडतोब पटलं. य हा क्षच्या ताटाखालचं मांजर आहे एवढं कळल्यावर त्यांना पुढे काही अवघड राहिलं नाही. क्ष शून्य तर य एक, क्ष एक तर य तीन, क्ष दोन तर य पाच, हे जावईबापूंनी पेनचं टोपण काढायच्या आत त्यांनी सांगून टाकलं.

घोळ झाला तो ठिपके मांडताना. आलेख कागदावरचे ते बारीक चौकोन त्यांच्या चष्म्यातून एकमेकांत मिसळून जात. पहिला ठिपका जागेवर पडला, दुसरा शेजारच्या घरात गेला, तिसरा तर पार परगावी. तीन ठिपके जोडल्यावर जी आकृती झाली तिला सरळ रेघ म्हणायला जावईबापूंचा हात धजेना, आणि वाकडी म्हणायला जीभ. मग सासूबाईंनी तो प्रश्न विचारला.

"दोन ठिपक्यांमधून रेघ सरळ जाणारच, त्यात या नियमाचं कौतुक काय? मला सांगा, तिसरा ठिपका त्याच रेघेवर येऊन का बसतो? आणि चौथा? त्यांना आमंत्रण कुणी दिलं?"

जावईबापूंनी पुस्तकाची पानं मागेपुढे उलटली. शाळेत गणितात त्यांना पैकीच्या पैकी गुण होते, हे ते वर्षातून चारपाच वेळा तरी कुणाला ना कुणाला सांगत. पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता आणि त्यांनीही तो कुणाला विचारला नव्हता. शेवटी ते म्हणाले, की पुस्तकात तसं दिलं आहे.

"पुस्तकात दिलेलं मला वाचता येतं," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं ते विचारतेय."

आतून बायको खोकली. तो खोकला खरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंचं कचेरीत लक्ष लागेना. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, त्याला रेषीय समीकरण म्हणतात म्हणून रेष येते. म्हणजे गोऱ्या माणसाला गोरा का म्हणतात, तर तो गोरा असतो म्हणून. पलीकडच्याने सांगितलं, की असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत आणि जे परीक्षेत येत नाही त्याचा विचार करणं हा वेळेचा अपव्यय आहे. जावईबापू दिवसभर धुमसत राहिले. संध्याकाळी घरी आल्यावर सुस्कारा सोडायला म्हणून ते गच्चीवर गेले, कठड्याला टेकले, खाली बघितलं आणि जागच्या जागी ताठ झाले.

गच्चीला चौकोनी फरशी होती. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, एकसारख्या मोठ्या फरशा, एकेक फरशी सासूबाईंना चष्म्याशिवायही दिसेल एवढी. इतकी वर्षं ते एका भल्यामोठ्या आलेख कागदावर शतपावली करत होते.

जिन्याच्या दोन दोन पायऱ्या गाळत ते खाली आले आणि म्हणाले, "आई, रविवारी चप्पल घालून तयार राहा. आपल्याला क्षला भेटायला जायचंय."

रविवारी सकाळी खडू घेऊन दोघं वर गेली. गच्चीच्या मधोमध, चार फरशांचे कोपरे जुळतात तिथे, जावईबापूंनी शून्य काढलं. पूर्वेला आणि पश्चिमेला क्षचा रस्ता, उत्तरेला आणि दक्षिणेला यचा. सासूबाईंनी पदर खोचला आणि चालायला सुरुवात केली. क्ष एक, म्हणून एक फरशी पूर्वेला. य तीन, म्हणून तीन फरशा उत्तरेला. तिथे ठिपका. परत शून्यावर. क्ष दोन, दोन पूर्वेला, पाच उत्तरेला, ठिपका. प्रत्येक ठिपक्यासाठी त्या पुन्हा शून्यावर येत. मधल्यामध्ये उडी मारणं त्यांना लबाडी वाटत होती.

पाचवा ठिपका थेट इमारतीतल्या वकीलसाहेबांच्या वाळत घातलेल्या चादरीखाली आला. नियमापुढे चादर काय चीज. सासूबाई चादरीत शिरल्या, ठिपका काढून बाहेर आल्या, आणि चादरीवर त्यांच्या पाचही बोटांचा पांढरा ठसा राहिला. पण मागे वळून बघतात तो सगळे ठिपके एका रांगेत उभे. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांना धाप लागली होती आणि डोळे लकाकत होते. जावईबापूंना पगारवाढीच्या दिवशीही एवढा आनंद झाला नव्हता.

सोमवारी झाडूवाल्याने गच्ची धुतली आणि बीजगणित मोरीतून वाहून गेलं.

आता खडूवर भागणार नव्हतं. जावईबापूंनी पांढरा ऑइलपेंट आणायचं ठरवलं, आणि ते नियमाचे भक्त असल्यामुळे आधी इमारतीच्या समितीकडे अर्ज केला. चिटणीस हे निवृत्त तार मास्तर. एकही शब्द फुकट जाऊ नये अशी त्यांना सवय. त्यांनी अर्ज तीनदा वाचला.

"सरळ रेघ काढायची आहे, ठीक. कुठून कुठपर्यंत?"

"तसं म्हटलं तर दोन्हीकडे अनंतापर्यंत जाते," जावईबापू म्हणाले.

चिटणिसांनी चष्मा काढला. अनंतापर्यंत परवानगी देण्याचा समितीला अधिकार नाही, असं त्यांनी सांगितलं. समितीची हद्द कठड्यापाशी संपते. जावईबापूंनी 'अनंत' खोडून 'कठडा' लिहिलं, खोडलेल्या जागी सही केली, आणि परवानगी मिळाली.

रंगाचा डबा वर चढला तशी अख्खी इमारत त्याच्यामागे चढली. घड्याळदुरुस्तीवाल्याने ब्रश कसा धरावा ते दाखवलं. तळमजल्याच्या ठेकेदाराने एवढे ठिपके मोजत बसण्याला हसून सांगितलं, की दोन ठिपके घ्या, त्यांवरून दोरी ताणा आणि कठड्यापर्यंत ओढून टाका, बांधकामात आम्ही तेच करतो. जावईबापूंना ते पटलं. दुपारपर्यंत अक्ष झाले, आकडे झाले आणि दोरीच्या कडेने एक पांढरीशुभ्र रेघ दक्षिणेच्या कठड्यापासून उत्तरेच्या कठड्यापर्यंत तिरपी चढत गेली.

संध्याकाळी वकीलसाहेब चादर शोधायला वर आले. चादरीचं ते विसरले, कारण त्यांना आकडे दिसले. या इमारतीला दोन जिने होते, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. दोन्हीकडच्या लोकांचं एकमेकांशी वैर नव्हतं, पण प्रेम उतू जात होतं असंही नाही. वकीलसाहेब पश्चिमेच्या जिन्यातले.

"आमच्या बाजूला उणे एक, उणे दोन, उणे तीन," ते म्हणाले. "आमचा जिना उणे आहे हे कोणत्या ठरावाने झालं?"

तातडीची सभा भरली. पश्चिमेचे लोक म्हणाले, पाणी आम्हाला उशिरा, सफाई आम्हाला उशिरा, आता आकड्यांतही उणे. कुणी सुचवलं, शून्य पश्चिमेच्या कठड्यापाशी नेऊन ठेवा, म्हणजे सगळेच अधिक. कुणी म्हणालं, एक महिना तुम्ही उणे, एक महिना आम्ही. जावईबापू उणे संख्यांचं महत्त्व सांगायला उठले आणि त्यांना तीनदा खाली बसवण्यात आलं. शेवटी सासूबाई उठल्या. त्या म्हणाल्या, उणे म्हणजे कमी नव्हे, उणे म्हणजे उलटीकडे. मी माहेरी उभी असले की सासर उलटीकडे आणि सासरी उभी असले की माहेर. यात कमी कोण?

हे बायकांना पटलं, म्हणजे निम्म्याहून जास्त सभेला पटलं. पण वकीलसाहेबांनी मुद्दा बदलला. उणे तर उणे, पण रेघ तुमच्याकडे चढते आणि आमच्याकडे उतरते, हा पक्षपात आहे. पश्चिमेलाही एक चढती रेघ मिळालीच पाहिजे.

जावईबापू कपाळाला हात लावणार होते, इतक्यात त्यांना दिसलं, की सासूबाई बोटांवर काहीतरी मोजतायत. "दोनच्या आधी उणे लावून बघू या का?" त्या पुटपुटल्या. "क्ष उणे एक. उणे दोन गुणिले उणे एक, म्हणजे दोन. त्यात एक, तीन. अहो, चढतेय. जावईबापू, त्यांच्याकडे चढतेय." आणि सभा चालू असताना सासू आणि जावई उठून गच्चीकडे पळाले. मागोमाग सभाही पळाली. सूर्य मावळायच्या आत दुसरी रेघ ताणली गेली, तशीच पांढरीशुभ्र, पहिलीला कापून पश्चिमेकडे चढणारी. वकीलसाहेबांनी ती आपल्या जिन्याच्या वतीने स्वीकारली.

दोन्ही जिने समाधानाने झोपले. आपण गच्चीवर काय काढून ठेवलंय ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. ते लक्षात आलं समोरच्या उंच इमारतीतल्या लोकांच्या. त्यांनी सकाळी खिडकी उघडली तेव्हा समोरच्या गच्चीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक प्रचंड पांढरी फुली होती. आणि त्या शहरात नगरपालिका पाडायच्या इमारतींवर पांढरी फुली मारत असे.

बातमी दुपारपर्यंत पसरली. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने भांडी खोक्यात भरायला घेतली. तळमजल्याच्या ठेकेदाराला तर लोक विचारायला लागले, की पाडायचं कंत्राट तुम्हालाच मिळालं का. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचा इमारत निरीक्षक काखेत फाइल मारून दारात उभा राहिला. आमच्या परवानगीशिवाय आमची खूण कुणी मारली, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. चिटणिसांनी एका शब्दात उत्तर दिलं : "जावईबापू."

निरीक्षक, चिटणीस, वकीलसाहेब, दोन्ही जिन्यांतली झाडून सगळी माणसं गच्चीवर गोळा झाली. एक सरकारी माणूस दुसऱ्या सरकारी माणसासमोर आरोपी म्हणून उभा राहतो तेव्हा काय वाटतं ते त्यालाच ठाऊक. जावईबापूंनी अर्जाची प्रत दाखवली, ही फुली नसून दोन समीकरणं आहेत असं सांगितलं. निरीक्षकाला त्याच्या नोकरीत बऱ्याच सबबी ऐकायला मिळाल्या होत्या, पण ही नवीन होती. त्याने रंग खरवडून काढा म्हणून सांगितलं आणि फाइल उघडली.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "माझी परीक्षा आठ दिवसांवर आहे. खरवडायचं तर मग खरवडा. आत्ता मला एक आकडा सांगा. कुठलाही."

निरीक्षक बावचळला. "चार."

"पूर्वेला चार फरशा चाला. आता उत्तरेला नऊ. खाली बघा."

निरीक्षक फरशा मोजत गेला, थांबला आणि त्याने खाली बघितलं. त्याचे दोन्ही बूट पांढऱ्या रेघेवर होते.

"योगायोग," तो म्हणाला. "अर्धा."

अर्ध्याचा विचार जावईबापूंनीही केला नव्हता. सासूबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "अर्ध्याची दुप्पट एक, त्यात एक, दोन. अर्धी फरशी पूर्वेला या. आता दोन उत्तरेला."

बूट पुन्हा रेघेवर. निरीक्षकाने फाइल मिटली आणि हसायलाच लागला, आणि मग धरण फुटावं तशी गर्दी फुटली. ज्याला त्याला आपला क्ष हवा होता. घड्याळदुरुस्तीवाल्याने पावणेतीन मागून घेतला. चिटणिसांनी शून्य घेतलं, कारण त्याला चालावं कमी लागतं. बायको कधी वर आली कळलंच नाही. ती क्ष एकवर उभी राहून आईकडे बघत होती. सासूबाई मधोमध उभ्या राहून एकेकाची किंमत सांगत होत्या, माणसं मोजत, धडपडत, एकमेकांना चुकवत जागेवर जात होती, आणि बघता बघता पूर्वेच्या निम्म्या गच्चीवर माणसांची एक सरळसोट तिरपी रांग उभी राहिली. तिला कुणी शिस्त लावली नव्हती. प्रत्येकाने आपापली दुप्पट अधिक एक तेवढी पाळली होती.

पश्चिमेला मात्र गडबड झाली. वकीलसाहेबांनी उणे सहा मागितला होता. आपल्या जिन्याच्या रेघेचा नियम धरून ते सहा फरशा पश्चिमेला गेले, तेरा उत्तरेला गेले, आणि रेघ त्यांच्यापासून हातभर पलीकडे. उणे पाचवाली बाईही रेघेवर नाही. पूर्वेकडून कुणीतरी म्हणालं, की त्यांच्याकडचं सगळं वाकडंच. वकीलसाहेबांनी पुन्हा मोजलं, पुन्हा तिथेच आले आणि लालबुंद झाले. वजनमापे कार्यालयाच्या हेडक्लार्कने काढलेली रेघ चुकली होती, आणि तीही नगरपालिकेसमोर.

सासूबाई मात्र पश्चिमेकडे चालत गेल्या. वाकल्या. एका फरशीवर वीत ठेवली, मग कठड्याजवळच्या फरशीवर ठेवली.

"जावईबापू, या फरशा अरुंद आहेत हो."

जावईबापूंच्या खिशात टेप असायचाच. ते धावत गेले, गुडघ्यांवर बसले आणि मोजलं. शेवटच्या फरशा इतरांपेक्षा चांगल्या चार बोटं कमी रुंद होत्या. गवंड्याला कठड्यापाशी जागा कमी पडली असेल, त्याने फरशा कापून बसवल्या असतील, आणि इतक्या वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता.

"म्हणजे दोरी बरोबर होती आणि माणसंही बरोबर आहेत," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "पाऊल बदललं. तिकडे दर पावलाला दोन चढायचं, पाऊल तेवढंच, चढ तेवढाच, म्हणून पुढचा माणूस आधीच्याच्या रांगेत येतो. त्याला दुसरीकडे जायला जागाच नाही. इथे पाऊल लहान झालं आणि रांग वाकली. अहो, म्हणून तिसरा ठिपका तिथे बसतो."

जावईबापू फरशीवर तसेच बसून राहिले. जन्मभर त्यांनी एकच गोष्ट सांभाळली होती, की माप सगळीकडे सारखं हवं. त्या मापातून रेघ सरळ होते, हे मात्र त्यांना आज कळत होतं. त्यांना ओरडावंसं वाटलं. "माप," एवढंच ते म्हणाले. "आई, माप." आणि आपण सासूबाईंचा हात घट्ट धरलाय हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

वकीलसाहेबांनी त्याच पावली पश्चिमेच्या जिन्याला कमी मापाच्या फरशा बसवल्याची तक्रार दाखल केली. ती कुठे करायची हे त्यांना ठाऊक होतं. ती त्यांनी जावईबापूंच्याच हातात दिली. निरीक्षकाने आपल्या अहवालात लिहिलं, की इमारत धोकादायक नाही, गच्चीवरची खूण ही फुली नसून दोन सरळ रेषा आहेत, आणि त्या सरळ असल्याची खात्री निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः उभं राहून केली आहे. खरवडायला त्याने परीक्षा होईपर्यंत मुदत दिली. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने खोकी उघडली.

सासूबाई परीक्षेत पास झाल्या हे इथेच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण तो निकाल पुढे बऱ्याच दिवसांनी लागला. पेपरच्या दिवशी जावईबापू रजा टाकून परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उभे होते, आणि त्यांनी तिथे फाटकाच्या गजाला इतक्या वेळा हात पुसले की पहारेकऱ्याने त्यांना दोनदा पाणी विचारलं. घंटा झाली. पोरासोरांच्या लोंढ्यातून सासूबाई बाहेर आल्या, पदर खोचलेला, बोटांना शाई.

"आलेख आला होता?" जावईबापूंनी विचारलं.

"आला होता. य बरोबर तीन क्ष उणे दोन. छान चढत होती हो."

"मग?"

सासूबाईंनी जरा इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "कागद संपला. रेघ काही संपत नव्हती. म्हणून थोडी बाकावर काढली. मास्तर रागावले."

परीक्षेच्या बाकावर रेघोट्या ओढणं हा गुन्हा होता, आणि जावईबापूंनी आयुष्यात कधी कुणाला गुन्ह्यात सूट दिली नव्हती. त्यांनी सासूबाईंच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

"सरळ आली ना?" ते म्हणाले.